प्राणवायूचा जाच आणि वनस्पतींची तजवीज

लोणी कढवताना, बेरी तांबूस होऊन तुपाचा कढ शांत होऊ लागला की, त्यात विड्याचे एखादे पान सोडण्याचा शिरस्ता महाराष्ट्रातील कित्येक घरांत चालत आलेला आहे. आणि त्याचे कारण विचारले असता तुपाला वास चांगला येतो व ते पुष्कळ दिवस टिकते, याहून निराळे उत्तर सहसा मिळत नाही. भारतीय दुग्धशास्त्रज्ञांनी या शिरस्त्याची रीतसर परीक्षा केली, तेव्हा हे उत्तर अक्षरशः खरे ठरले. विड्याच्या पानातील फिनॉल वर्गाची द्रव्ये तुपात उतरतात आणि ते खवट होण्याची क्रिया लांबणीवर टाकतात. रसायनशास्त्र अशा द्रव्यांना प्रतिऑक्सिडीकारके म्हणते. हाच शब्द आज आवळ्याच्या रसाच्या बाटलीवर, हळदीच्या कॅप्सूलवर आणि हिरव्या चहाच्या पुडीवर ठळक अक्षरांत छापलेला आढळतो, व तुपाच्या बरणीत जे घडते तेच माणसाच्या रक्तात घडून त्याचे वार्धक्य व व्याधी लांबणीवर पडतील, असा त्यामागील गर्भित दावा असतो. या दाव्याचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्धाची मात्र कसोशीने छाननी व्हावयास हवी.

खवटपणाचे रसायन प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. असंतृप्त मेदाम्लाच्या रेणूतून हायड्रोजनाचा एक अणू निसटला की मागे एकाकी, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन उरतो. अशा अपुऱ्या रेणूला मुक्त मूलक म्हणतात. हे मूलक हवेतील प्राणवायूशी तत्काळ संयोग पावते, आणि त्यातून निपजलेले नवे मूलक शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेऊन त्यालाही आपल्यासारखेच अपुरे करून सोडते; त्यामुळे एका रेणूची हानी शेकडो रेणूंपर्यंत साखळीने पोहोचते. फिनॉल वर्गाचे द्रव्य आपला हायड्रोजन सहज देऊन टाकते, आणि तो दिल्यानंतर त्याच्यापाशी उरणारा एकाकी इलेक्ट्रॉन त्याच्या वलयाकार रचनेत विखुरला जात असल्यामुळे ते स्वतः उपद्रवी ठरत नाही, व साखळी तेथेच तुटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अॅक्रोलीन नावाचे दाहक द्रव्य साठवणीत टिकेना, म्हणून शार्ल मूरू व शार्ल द्यूफ्रेस या फ्रेंच रसायनज्ञांनी त्यावर संशोधन हाती घेतले, तेव्हा फिनॉल वर्गातील द्रव्याचा नुसता लवलेशही प्राणवायूची ही क्रिया रोखू शकतो, असे त्यांना दिसून आले. जवसाचे तेल लवकर खवट होते आणि तिळाचे तेल दीर्घकाळ टिकते, याचे इंगितही येथेच आहे. जवसात अतिअसंतृप्त मेदाम्ले विपुल असतात. तिळात ती तुलनेने कमी असून शिवाय सेसमॉलसारखी संरक्षक द्रव्ये निसर्गतःच वसत असतात.

वनस्पती ही द्रव्ये निर्माण करतात ती अर्थातच आपल्या आरोग्यासाठी नव्हे. ऊन वाढले म्हणून सावलीत जाण्याची किंवा कीड आली म्हणून पळ काढण्याची मुभा नसलेल्या या सजीवांना सर्व बंदोबस्त जागच्या जागी, रसायनांच्या द्वारेच करावा लागतो. पानात प्रखर प्रकाश आणि प्राणवायू एकाच वेळी व एकाच ठिकाणी असतात, कारण प्रकाशाच्या साहाय्याने प्राणवायू निर्माण करणे हाच पानाचा धर्म आहे; तेथे उद्भवणाऱ्या प्राणवायूच्या आक्रमक रूपांना निष्प्रभ करण्याचे काम कॅरोटिन वर्गातील पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये करतात. कित्येक तुरट, कडू आणि उग्र द्रव्ये कीटक, बुरशी व चरणारी जनावरे यांना दूर ठेवतात, तर फळांचे जांभळे-तांबडे रंग बीजप्रसार करणाऱ्या पक्ष्यांना आमंत्रण देतात. हिरड्याचा तुरटपणा, हळदीचा पिवळेपणा, जांभळाचा रंग आणि मिरीचा तिखटपणा ही सर्व मुळात वनस्पतीच्या संसाराची तजवीज आहे. आपण तिचे आगंतुक लाभार्थी आहोत.

आता मनुष्यदेहाकडे वळू. मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली पहिले मुक्त मूलक सिद्ध करून दाखवले, तेव्हा अशी चंचल वस्तू सजीव देहात असेल, असे कोणाच्या मनात आले नव्हते. १९५४ मध्ये रिबेका गर्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अतिरिक्त प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलकेच आहेत, असे प्रतिपादन केले. आणि १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी त्याच विचाराचा विस्तार करून वार्धक्याचे कारणही हीच मूलके असावीत, असा सिद्धांत मांडला. पेशी अन्नाचे ज्वलन करून शक्ती निर्माण करीत असता प्राणवायूचा अल्पांश अर्धवट अवस्थेत निसटतो, आणि मेद, प्रथिने व जनुकद्रव्य यांची झीज करीत राहतो, असा त्याचा सारांश होता. पुढे १९६९ साली ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड नावाच्या मूलकाचा निकाल लावणाऱ्या वितंचकाचा शोध लावला. देहाने या झिजेविरुद्ध स्वतःचे खाते उघडून ठेवलेले आहे, आणि त्या खात्यातील मुख्य अंमलदार आहारातून न येता पेशींतच घडवले जातात, ही गोष्ट त्या शोधाने प्रस्थापित झाली. हार्मन यांच्या सिद्धांताची सुबोधता लोकांना इतकी भावली की, मूलके हानिकारक असतील तर त्यांना मारणारी द्रव्ये जितकी अधिक घ्यावी तितके उत्तम, हा निष्कर्ष पुराव्याची वाट न पाहताच सर्वमान्य झाला.

अर्कांच्या गुणांची मापे ज्या रीतीने घेतली जातात तीही येथे समजून घ्यावयास हवी. सर्वांत रूढ परीक्षेत डीपीपीएच या संक्षिप्त नावाचे एक स्थिर मूलक वापरतात. त्याचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात वनस्पतीचा अर्क मिसळला आणि अर्कातील द्रव्यांनी मूलकाला हायड्रोजन पुरवला, की जांभळा रंग ओसरून द्रावण पिवळसर होते, आणि हा फरक ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने मोजता येतो. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये सुचवलेली ही पद्धत इतकी स्वस्त व सुकर आहे की, आपल्याकडील महाविद्यालयांतून शेवगा, कढीलिंब, आवळा, तुळस, जांभूळ, आमसूल यांच्या अर्कांवर तिच्या साहाय्याने लिहिलेल्या प्रबंधांची गणती करणे कठीण आहे. या परीक्षेत जवळजवळ प्रत्येक तुरट वा रंगीत वनस्पती उत्तीर्ण होते, आणि तिच्या मर्यादेचे बीज याच सुलभतेत आहे. त्या नळीत आतडे नाही, यकृत नाही, रक्त नाही. आणि जे मूलक तेथे वापरलेले असते ते मनुष्यदेहात कधी आढळतही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच एका मापनपद्धतीने निरनिराळ्या खाद्यपदार्थांचे गुणांकन प्रसिद्ध केले होते. परंतु त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि विक्रेते त्यांचा दुरुपयोग करीत आहेत, असे कारण देऊन २०१२ मध्ये त्याच खात्याने ते कोष्टक मागे घेतले.

रक्तात प्रत्यक्ष काय घडते, याचा एक मार्मिक दाखला सफरचंदाच्या एका प्रयोगात मिळतो. सफरचंद खाल्ल्यानंतर रक्ताची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता वाढलेली दिसते, म्हणून ते श्रेय फळातील फिनॉलांना दिले जात असे. अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये असे दाखवून दिले की, ही वाढ फळातील फ्रुक्टोज शर्करेमुळे रक्तात वाढणाऱ्या यूरिक अम्लाची आहे. यूरिक अम्ल हे स्वतःच बलवान प्रतिऑक्सिडीकारक असून संधिवाताचा एक दारुण प्रकारही त्याच्याच अतिरेकाने होतो. रक्ताची ही क्षमता वाढणे आणि आरोग्य सुधारणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे यावरून उघड होते.

आमसुलाचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न अधिक स्पष्ट होईल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवे या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पिकणाऱ्या कोकमाची साले मीठ घातलेल्या त्याच फळाच्या रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवली, म्हणजे आमसूल तयार होते. मीठ घातलेला रस साठवला तर आगळ, आणि साखरेत मुरवला तर अमृत कोकम. सालीचा गडद तांबडा रंग सायनिडिन या अँथोसायनिनाच्या दोन शर्करायुक्त रूपांचा आहे, तिची आंबट चव मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक अम्लाची आहे, आणि तिच्यात असणारे गार्सिनॉल नावाचे पिवळे द्रव्य पेशींवरील व उंदरांवरील प्रयोगांत विशेष गुणकारी आढळलेले आहे. तथापि ते माणसांवर तपासून पाहणारे प्रयोग तुरळक आहेत. शिवाय अँथोसायनिन हे नाजूक द्रव्य आहे; ऊन, उष्णता व कालावधी यांनी ते झिजते, म्हणून ताज्या सालीची मापे जुन्या आमसुलाला लावता येत नाहीत. पोटात गेल्यावरही त्याचा अत्यल्प अंश मूळ रूपात रक्तात पोहोचतो. उरलेल्याचे मोठ्या आतड्यातील जंतू लहान लहान अम्लांत विघटन करतात, आणि आरोग्यावर जो काही परिणाम होत असेल तो पुष्कळ अंशी या तुकड्यांमुळे होत असावा, असे आता मानले जाते.

हळदीची कथा याहून बोधप्रद आहे. तिच्यातील पिवळे द्रव्य कर्क्युमिन हे पावडरीच्या वजनाच्या सुमारे तीन टक्के असते. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून जेमतेम शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याची यकृत तत्परतेने वासलात लावते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दोन ग्रॅम कर्क्युमिन घेतलेल्या निरोगी माणसांच्या रक्तात त्याचा मागमूस लागणे कठीण होते. त्याबरोबर मिरीतील पायपरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा हे प्रमाण वीस पट वाढले. मिरी हे साध्य करते ती यकृताच्या व आतड्याच्या विषनिवारक यंत्रणेला आवर घालून, आणि ती यंत्रणा अन्य औषधांचाही निकाल लावत असते, हे विसरून चालणार नाही. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट, भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली जुने ग्रंथ व शोधनिबंध यांचा पुरावा दाखल करून १९९७ मध्ये रद्द करविले, तेव्हा सर्वांना योग्य असाच अभिमान वाटला. परंतु त्या निवाड्याने हे ज्ञान प्राचीन आहे एवढेच शाबीत झाले. ते औषध म्हणून कितपत परिणामकारक आहे, हा प्रश्न त्या न्यायासनापुढे नव्हताच. २०१७ मध्ये कर्क्युमिनवरील शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या रसायनज्ञांना, कठोर नियमांनी घेतलेली एकही चाचणी यशस्वी झालेली आढळली नाही.

सर्वांत मोठा धक्का मात्र फिनलंडमधून आला. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन अधिक त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे निरीक्षणांवरून दिसत होते. म्हणून तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसती गुणहीन गोळी अशा चार गटांत विभागून पाच ते आठ वर्षे तपासले गेले. १९९४ मध्ये निकाल जाहीर झाला तो असा की, रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे व अॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले अशा १८,३१४ जणांवर चाललेली दुसरी चाचणी, तोच प्रकार दिसू लागल्यामुळे, मुदतीपूर्वी एकवीस महिने, १९९६ च्या जानेवारीत थांबवावी लागली. पुढे पस्तीस हजारांवर पुरुषांवरील चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये दिसून आले. गाजर व पालक खाणाऱ्यांचे आरोग्य चांगले असते हे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु त्या आरोग्याचे श्रेय एकट्या रंगद्रव्याला देणे, आणि ते द्रव्य अन्नातून वेगळे काढून अन्नात कधीही नसते इतक्या मात्रेत देणे, या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरल्या.

असे का व्हावे, याचा उलगडा अलीकडच्या काही दशकांत होत आला आहे. मुक्त मूलके नुसती उपद्रवी नसून पेशींच्या व्यवहारात निरोपाचेही काम करतात. रोगजंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांचाच शस्त्रासारखा उपयोग करतात, आणि व्यायामाच्या वेळी स्नायूंत उद्भवणारी मूलके स्नायूंना बळकट होण्याचा आदेश देतात. जर्मनीतील येना येथे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची शरीराची क्षमता व्यायामाने जी सुधारावयास हवी ती नुसता व्यायाम करणाऱ्यांत सुधारली. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत तो लाभ दिसला नाही. दुसरीकडे, मासायुकी यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जपानमध्ये केलेल्या संशोधनातून एनआरएफ-२ नावाच्या प्रथिनाचे कार्य उघडकीस आले. पेशीत एखादे त्रासदायक रसायन शिरले की हे प्रथिन केंद्रकात जाऊन संरक्षक वितंचके बनवणारी जनुके जागृत करते. कोबी-मोहरीच्या कुळातील सल्फोरफेन, तसेच कर्क्युमिन यांसारखी द्रव्ये सौम्य मात्रेत हेच साधतात. लांडगा आल्याची हाक चुकून उठली तरी गाव जागा होतो आणि कुंपणे तपासली जातात, तसे काहीसे हे घडते. वनस्पतीने किडीला हुसकण्यासाठी बनवलेले तिखट-कडू द्रव्य अल्प प्रमाणात आपल्या पेशींना सावध करते, आणि प्रत्यक्ष संरक्षण देहाची स्वतःची यंत्रणा करते. हे मत खरे मानले, तर जेवणात रोज थोडी असणारी हळद व मोहरी यांची मात्रा अर्थपूर्ण ठरते, आणि शंभरपट सांद्र केलेल्या अर्काची मात्रा संशयास्पद.

या द्रव्यांचा प्रतिकूल परिणामही आपल्या परिसरात दिसतो. चहातील टॅनिनांसारखे फिनॉल लोहाला घट्ट बांधून ठेवतात. लोहाचे मुक्त कण मूलके निर्माण करणाऱ्या क्रियेला चालना देतात, म्हणून हा गुण परीक्षानळीत स्तुत्य ठरतो. परंतु जेवणाबरोबर चहा घेतला की त्याच गुणामुळे भाकरी, डाळी व पालेभाज्या यांतील लोह आतड्यात बांधले जाऊन पुरेसे शोषले जात नाही, आणि रक्तक्षयाने ग्रासलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. उलट लिंबू व आवळा यांतील क जीवनसत्त्व हेच लोह शोषून घेण्यास साहाय्य करते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे व पालेभाजीवर लिंबू पिळणे हा म्हणूनच फिनॉलांविषयीचा सर्वांत स्वस्त व उपयुक्त सल्ला आहे.

क जीवनसत्त्वाचा इतिहासही येथे आठवावा. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये साल्सबरी नावाच्या जहाजावरील स्कर्व्हीने आजारी बारा खलाशांना दोघादोघांच्या जोड्यांत विभागून निरनिराळे उपाय दिले, तेव्हा संत्री व लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली; पुढे आल्बेर्ट सेंट-जॉर्जी यांनी हंगेरीतील मिरच्यांपासून तेच द्रव्य विपुल प्रमाणात वेगळे केले, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील आवळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असल्याचा आकडा जुन्या भारतीय कोष्टकांत प्रसिद्ध आहे, मात्र त्यापैकी काही भाग टॅनिनांचा असून जुन्या मापनपद्धतीत तो मिसळला गेला असावा, असे नंतरचे संशोधन सुचवते. तरीही आवळा हे या जीवनसत्त्वाचे उत्तम फळ आहे, यात शंका नाही. याप्रमाणे जेथे अभाव असतो तेथे पूर्तता करणे हा उपाय असतो, आणि जेथे अभाव नसतो तेथे अधिकाची अपेक्षा व्यर्थ असते. या न्यायाने एक विशेष उदाहरणही लक्षात घ्यावे. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होते तेव्हा, ल्युटिन व झिआझँथिन ही दोन पिवळी रंगद्रव्ये इतर द्रव्यांसह घेतल्याने मध्यम अवस्थेतील रुग्णांची झीज मंदावते, असे अमेरिकेतील दीर्घकाळ चाललेल्या चाचण्यांनी दाखवले आहे. ती द्रव्ये डोळ्याच्या त्याच जागी निसर्गतः साठतात, आणि बाजारातील ल्युटिन मोठ्या प्रमाणात झेंडूच्या फुलांपासून काढले जाते. विशिष्ट रोग, विशिष्ट द्रव्य, ठरलेली मात्रा आणि माणसांवरील चाचणी, अशा चारही कलमांची पूर्तता झाल्यावर वैद्यकाने या अर्काला मान्यता दिली.

कोकमाच्याच कुळातील एका फळाचा अर्क वजन घटवण्यासाठी जगभर विकला गेला, त्याची परीक्षा याच रीतीने झाली. हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल रोज दीड ग्रॅम याप्रमाणे बारा आठवडे १३५ जणांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला; गुणहीन गोळी घेणाऱ्यांपेक्षा अर्क घेणाऱ्यांच्या वजनात अधिक घट झालेली नव्हती. पुढे अशा गोळ्यांनी, तसेच पायपरिनयुक्त हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी देशोदेशींच्या रुग्णालयांतून होत आल्या आहेत. सोलकढी पिणाऱ्याला किंवा वरणात हळद घालणाऱ्याला यामुळे भिण्याचे कारण नाही. परंतु रक्त पातळ ठेवणारी औषधे, मधुमेहाची औषधे किंवा कर्करोगावरील उपचार चालू असता कोणताही सांद्र अर्क घेतला जात असेल, तर तो वैद्याला सांगितला पाहिजे.

वनस्पतींचे प्रतिऑक्सिडीकारक गुण खरे आहेत, आणि तेलातुपाच्या रक्षणात त्यांची उपयुक्तता सर्वत्र सिद्ध आहे. पालेभाज्या, फळे, डाळी आणि मसाले यांचा विविध आहार घेणाऱ्यांचे हृदय व आयुष्य अधिक सुरक्षित राहते, हेही मोठ्या लोकसमूहांच्या पाहणीतून वारंवार आढळले असून जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस करते. या दोन सत्यांना जोडणारा दुवा म्हणून तिसरे जे गृहीत धरले गेले, की आहाराचा लाभ मूलके मारण्यामुळेच होतो आणि म्हणून ती मारणारा अर्क बाटलीत भरून विकता येईल, त्याला आजवरच्या पुराव्यात आधार सापडत नाही. तंतुमय द्रव्ये, क्षार, जीवनसत्त्वे, आतड्यातील जंतूंचे पोषण, पेशींना मिळणारी सौम्य सूचना, आणि भाजी खाणाऱ्याच्या ताटातून आपोआप कमी होणारे तळलेले पदार्थ, या सर्वांचा तो संयुक्त परिणाम आहे. म्हणून एखाद्या अर्काच्या बाटलीवर रोगनिवारणाचा दावा लिहिलेला असेल, तर तो कोणत्या रोगावर, किती मात्रेत, किती माणसांवर आणि कशाच्या तुलनेत सिद्ध झाला, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि त्याचे उत्तर पुराव्यानिशी देण्याचा भार बाटली विकणाऱ्यावरच राहिला पाहिजे.